ट्रॉलीला इंजिन नसतं

गेल्या पावसाळ्यात माझ्या शिकवणीतला एक मुलगा रजेचा अर्ज घेऊन आला. ‘टीचर, एवढं जरा बघा की.’ वहीच्या फाडलेल्या पानावर दोन ओळी होत्या:

‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर. सो आय कॅनॉट कम टू स्कूल.’

शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, तापही खरा; कपाळाला हात लावून मी खात्री केली. असा अर्ज बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही मराठी शाळेत सापडेल. माझ्या स्वतःच्या जुन्या वहीतही सापडेल. चूक आहे ती एका पूर्णविरामाची आणि एका ‘सो’ची. आम्ही शिक्षक तिथं लाल रेघ मारतो, ‘ॲज असलं की सो येत नाही’ म्हणतो आणि पुढं जातो. का येत नाही ते सांगायचं राहून जातं. मुलगा नियम पाठ करतो आणि पुढच्या आठवड्यात ‘बिकॉज’बरोबर ‘सो’ लिहून आणतो, कारण पाठ केलेला नियम ‘ॲज’चा होता.

का येत नाही याचं उत्तर इंग्रजीत कमी आणि आपल्या मराठीत जास्त आहे. थोडं कन्नडातही आहे. पण त्याआधी क्लॉज म्हणजे काय ते बघू.

ज्या शब्दांच्या गटात एक कर्ता आहे आणि त्याचं काळ दाखवणारं क्रियापद आहे, तो क्लॉज. ‘इन द मॉर्निंग’ हा क्लॉज नाही, कारण त्यात कुणी काही करतच नाही. ‘द बस केम’ हा क्लॉज. ‘व्हेन द बस केम’ हासुद्धा क्लॉज. बस आहे, ती आली आहे. पहिला इंडिपेंडंट, म्हणजे आपल्या पायावर उभा. दुसरा सबॉर्डिनेट, म्हणजे दुसऱ्यावर टेकलेला. शाळेच्या मराठी व्याकरणात यांनाच प्रधान वाक्य आणि गौण वाक्य म्हणतात. एक प्रधान आणि एक गौण जोडलं की मिश्र वाक्य, दोन प्रधान जोडली की संयुक्त वाक्य. मुलांना हे मराठीच्या तासाला पाठ असतं. इंग्रजीचा तास सुरू झाला की जणू दुसरी शाळा सुरू होते. खरं तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीची व्याकरणं छापली, ती दोघंही इंग्रजी शिकलेली माणसं होती. त्यामुळं मराठीच्या तासाची ही विभागणी इंग्रजीला अनोळखी नाही, बिनधास्त तिकडं न्यावी.

मी मुलांना ट्रॅक्टर दाखवते. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या भरून चाललेल्या असतात. संकेश्वर-चिकोडीकडं तर त्यांच्यामागं अडकून पडणं हा हिवाळ्याचा भागच आहे. ट्रॅक्टरला इंजिन असतं. तो एकटाही जाऊ शकतो. ट्रॉलीला चाकं असतात, माल असतो, कधीकधी ट्रॅक्टरपेक्षा मोठी असते, पण इंजिन नसतं. हूक काढला की ती रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहते. सबॉर्डिनेट क्लॉज म्हणजे ही ट्रॉली. कर्ता आणि क्रियापद ही तिची दोन चाकं. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ॲज’, ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘दॅट’, ‘हू’ हे शब्द म्हणजे तिच्या पुढचा हूक. मुलाच्या अर्जात पहिल्या ओळीत ट्रॉली होती आणि तिच्यापुढं पूर्णविराम टाकून त्यानं ट्रॅक्टर सोडून दिला होता.

(उपमा एका ठिकाणी फसते. इंग्रजीत ट्रॉली ट्रॅक्टरच्या पुढंही लावता येते. ‘आय विल गो व्हेन द बस कम्स’ आणि ‘व्हेन द बस कम्स, आय विल गो’ दोन्ही चालतात. फरक स्वल्पविरामाचा: ट्रॉली पुढं असली तर तिच्यामागं स्वल्पविराम, मागं असली तर बहुधा नाही.)

ट्रॉली ओळखायची कशी? मी ‘पुढं?’ची परीक्षा सांगते. बसस्टँडवर शेजारी एक आज्जी बसली आहे असं समजा. तिला जाऊन फक्त एवढंच सांगा, ‘पाऊस आला तर’, आणि गप्प बसा. आज्जी तुमच्याकडं बघत राहील आणि म्हणेल, ‘बरं, पुढं?’ म्हणजे ती ट्रॉली. आता सांगा, ‘पाऊस आला.’ आज्जी फार तर छत्री शोधेल. पुढं काय म्हणून विचारणार नाही. इथं एक सावधगिरी. ‘तो गेला’ म्हटलं तरी आज्जी विचारेल, ‘कोण?’ पण ‘कोण?’ हा माहितीचा प्रश्न झाला, वाक्य तिथं पुरं झालेलं असतं. ‘पुढं?’ विचारलं तरच वाक्य अपुरं.

एका मुलीनं मला यात पकडलं होतं. ‘टीचर, तुम्ही मला विचारलासा, उशीर का झाला, तर मी म्हणाले, बिकॉज द बस वॉज लेट. तुम्ही पुढं म्हणून विचारला नाहीसा.’ बरोबर आहे तिचं. बोलताना तुमच्या प्रश्नातच ट्रॅक्टर उभा असतो, उत्तराची ट्रॉली त्यालाच जोडली जाते. कागदावर समोरचा माणूस नसतो, त्यामुळं ट्रॅक्टर आपणच आणावा लागतो.

आता मुळाशी येऊ. मराठीतले हूक मोजून बघा: जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, जिथे-तिथे, जसा-तसा, जो-तो, जोपर्यंत-तोपर्यंत. सगळे जोडीनं. ‘ज’ ट्रॉलीला आणि ‘त’ ट्रॅक्टरला. आपल्या भाषेत हूक दोन्हीकडं असतो आणि दोन हूक एकमेकांत अडकतात. एवढंच नाही, घाईत आपण ‘ज’चा हूक टाकून देतो आणि ‘त’चाच ठेवतो: ‘पाऊस आला तर येत नाही’, ‘कितीही सांगितलं तरी ऐकत नाही’. म्हणजे मराठी माणसाला दोन्हींतला कुठला हूक जास्त जवळचा, तर ‘त’चा. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथं हूक एकच, तोही ट्रॉलीला, म्हणजे ‘ज’च्या जागी. ‘व्हेन’ म्हणजे जेव्हा. तेव्हासाठी शब्द नाही. ‘ऑल्दो’ म्हणजे जरी. तरीसाठी शब्द नाही. मराठी कानाला ती जागा रिकामी वाटते. मग आपण तिथं काहीतरी भरतो. ‘तरी’च्या जागी ‘बट’ बसवतो, ‘म्हणून’च्या जागी ‘सो’, ‘तेव्हा’च्या जागी ‘दॅट टाइम’. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.’ ‘व्हेन आय वेंट, दॅट टाइम ही वॉज स्लीपिंग.’

ही चूक मला स्वतःला चांगलीच महागात पडली आहे. बी.ए. झाल्यावर एका शाळेत नोकरीसाठी अर्ज घेऊन गेले होते. अर्जात लिहिलं होतं, ‘ऑल्दो आय हॅव नो एक्स्पिरियन्स, बट आय ॲम हार्डवर्किंग.’ खुर्चीतल्या गृहस्थांनी ‘बट’भोवती पेनानं एक गोल काढला आणि काही न बोलता कागद माझ्याकडं सरकवला. घरी येईपर्यंत मला त्या गोलाचा अर्थ कळला नव्हता. इंग्रजीची शिक्षिका व्हायला निघाले होते, ही त्यातली गंमत.

‘बट’ का चालत नाही ते आता ट्रॅक्टरवरून सांगता येतं. ‘बट’, ‘अँड’, ‘सो’, ‘ऑर’, ‘येट’, ‘नॉर’ आणि जुन्या वळणाचा ‘फॉर’, हे सात शब्द दोन ट्रॅक्टर शेजारी-शेजारी बांधणारे दोर आहेत. दोन्हीकडं इंजिन हवं. ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ यात दोन ट्रॅक्टर, मध्ये दोर, ठीक. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट’ यात एक ट्रॉली, एक ट्रॅक्टर, तेही ठीक. ‘ऑल्दो’ लावून आपण पहिल्याचं इंजिन काढून घेतलं आणि वर ‘बट’ लावून त्याला ट्रॅक्टर म्हणतोय, इथं बिघडतं. दोन्हींतलं एक काढा. कुठलं काढायचं ते तुमची मर्जी.

घरातले वडीलधारे कधीकधी यावर भांडायला येतात. ‘आम्हाला दो... येट अशी जोडी शिकवली होती.’ खरं आहे. जुन्या इंग्रजीत ‘दो’ (म्हणजे ‘ऑल्दो’च) पुढं ‘येट’ चालत असे आणि जुन्या वळणाच्या व्याकरणात ती जोडी अजून सापडते. आजच्या लिहिण्यात तो ‘येट’ गळून पडला आहे. ‘इफ’नंतरचा ‘देन’ मात्र अजून जिवंत आहे, हवा तर ठेवा, नको तर टाका. आणि ‘जितका-तितका’ला इंग्रजीतही जोडीच लागते: ‘द मोअर यू रीड, द मोअर यू नो.’ तिथं पोरं एकदाही चुकत नाहीत. जोडी दिसली की मराठी मूल खूश.

‘म्हणून’ हा शब्द तर वेगळ्या तासाचा विषय आहे. ‘ताप आला म्हणून शाळेत गेलो नाही.’ यात ‘म्हणून’ कुणाचा, तापाचा की शाळेचा? थांबून म्हणून बघा. ‘ताप आला म्हणून | शाळेत गेलो नाही’ असं थांबलात तर तो ट्रॉलीचा हूक, इंग्रजीत ‘बिकॉज’. ‘ताप आला, | म्हणून शाळेत गेलो नाही’ असं थांबलात तर तो दोन ट्रॅक्टरांमधला दोर, इंग्रजीत ‘सो’. मराठीत एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि मध्येच उभा असल्यामुळं कुणाचा ते ठरवावं लागत नाही. इंग्रजीत ठरवावं लागतं. माझ्या विद्यार्थ्यानं ठरवलं नाही, दोन्ही घेतले. ‘ॲज’ही आणि ‘सो’ही.

सीमाभागात हा ‘म्हणून’ आणखी एक काम करतो. पुण्याचा माणूस म्हणेल, ‘तो म्हणाला की उद्या येतो.’ आमच्याकडं ‘उद्या येतो म्हणून म्हणाला’ हेच तोंडात बसलेलं. कन्नडात हे ‘नाळे बर्तीनि अंत हेळिद’. शब्दाला शब्द ठेवून बघा: नाळे म्हणजे उद्या, बर्तीनि म्हणजे येतो, अंत म्हणजे म्हणून, हेळिद म्हणजे म्हणाला. एकही शब्द जागेवरून हलवावा लागत नाही. भाषाशास्त्रज्ञांना याचं फार कौतुक आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडमधल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास करून १९७१ साली निबंध छापला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची ठेवण जवळजवळ एक झाली, असं त्यांनी दाखवलं. जगभर भाषाशास्त्राच्या वर्गात अजून त्या गावाचं उदाहरण देतात. आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं, पण ते इंग्रजीत लिहायला हवं होतं.

याचा इंग्रजीशी काय संबंध, तर असा. मराठीत दोन्ही सोयी आहेत: बोललेली गोष्ट आधी आणि ‘म्हणून’ मागून, किंवा ‘की’ आधी आणि बोललेली गोष्ट मागून. इंग्रजीत हूक नेहमी ट्रॉलीच्या तोंडाशी असतो, शेपटीला कधीच नाही: ‘ही सेड दॅट ही वुड कम.’ म्हणून इंग्रजी लिहिताना आपल्यातल्या ‘म्हणून’वाल्याला गप्प बसवून ‘की’वाल्याला पुढं करायचं. ‘तो म्हणाला की...’ असं मनात म्हटलंत की निम्मं काम झालं.

फक्त हा ‘की’ बघून घ्या. आमच्याकडं ‘की’चे दोन भाऊ आहेत. ‘मला माहीत हाय की!’ यातला ‘की’ नुसता ठसका. वाक्य तिथं संपलं. ‘मला माहीत हाय की तो आलाय’ यातला ‘की’ हूक. मुलांना विचारलं, ‘दॅट म्हणजे कुठला की?’ तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘मधला की, टीचर, शेवटचा न्हवं.’ याहून चांगली व्याख्या मला जमली नसती. आणि इंग्रजीत हा मधला ‘की’ बऱ्याचदा दिसतही नाही. ‘आय नो ही इज हिअर.’ ‘दॅट’ गिळला आहे. हूक दिसत नसला तरी ट्रॉली ट्रॉलीच.

कन्नडाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘मळे बंदरे’ म्हणजे पाऊस आला तर. ‘मळे बंदरू’ म्हणजे पाऊस आला तरी. शेवटच्या एका स्वरात सगळा खेळ. मराठीत ‘तर’ आणि ‘तरी’. तिथंही फरक शेपटीलाच. इंग्रजीत तोच फरक पहिल्या शब्दात येतो: ‘इफ’ की ‘ऑल्दो’ ते तोंड उघडण्याआधी ठरलेलं पाहिजे. बोलता बोलता शेवटी ठरवायची आपली सवय असल्यामुळं मुलं वाक्याच्या सुरुवातीला अडखळतात. ती भीती नसते, इंग्रजी येत नाही असंही नसतं. वाक्य कुठून उचलायचं हेच त्यांच्यासाठी नवीन असतं.

काळाची एक मोठी खोच इथंच आहे. ‘पाऊस आला तर येणार नाही.’ पाऊस अजून यायचा आहे, तरी आपण ‘आला’ म्हणतो. मूल तेच उचलतं: ‘इफ द रेन केम, आय विल नॉट कम.’ उलट ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात दोन्हीकडं भविष्यकाळ, म्हणून ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल’. इंग्रजीत दोन्ही चूक. तिथं भविष्यकाळाचं ‘विल’ ट्रॅक्टरमध्ये बसतं. वेळेची किंवा अटीची ट्रॉली साध्या वर्तमानकाळात राहते. ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम.’ ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ एकदा ट्रॅक्टर सांगतोय की गोष्ट उद्याची आहे, तर ट्रॉलीनं परत कशाला सांगायचं, असा हिशेब समजा.

‘अंटिल’चं दुखणं मला फार आवडतं, कारण ते शुद्ध मराठी आहे. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते.’ थांबणं आहे येईपर्यंत, पण मराठीला तिथं ‘नाही’ लागतो. मग ‘अंटिल यू डोन्ट कम, आय विल वेट’. इंग्रजीत ‘नाही’ लागत नाही: ‘आय विल वेट अंटिल यू कम.’ ‘अनलेस’च्या तर पोटातच ‘नाही’ आहे. ‘अनलेस यू पे’ म्हणजे पैसे भरले नाहीत तर. ‘अनलेस यू डोन्ट पे’ लिहिलंत तर पैसे भरणाऱ्यालाच दंड.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला वाचवू शकते आणि आपण तिचं ऐकत नाही. ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही.’ मुलं लिहितात, ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही.’ कारण ‘व्हेअर’ दिसला की प्रश्नाची सवय लागलेली. पण प्रश्न ट्रॅक्टरला विचारतात, ट्रॉलीला नाही. ट्रॉलीत कर्ता आधी, क्रियापद नंतर: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ मराठीत ‘तो कुठे आहे’ हे प्रश्नातही तसंच आणि ट्रॉलीतही तसंच; काही उलटंपालटं होत नाही. तेवढीच मराठी तिथं ठेवली असती तर वाक्य बरोबर आलं असतं.

‘जो-तो’ची ट्रॉली थोडी वेगळी. ती अख्ख्या ट्रॅक्टरला न लागता एका नामाला चिकटते. ‘काल आलेला मुलगा माझा भाचा.’ कन्नडात ‘निन्ने बंद हुडुग’. दोन्हीकडं अख्खी ट्रॉली एका शब्दात दुमडून नामाच्या पुढं ठेवली: आलेला, बंद. इंग्रजीत ती उलगडून नामाच्या मागं ठेवायची: ‘द बॉय हू केम येस्टर्डे इज माय नेफ्यू.’ आपलं ‘आलेला’, ‘राहणारा’, ‘घेतलेली’ दिसलं की इंग्रजीत बहुतेक वेळा ‘हू’ किंवा ‘विच’ किंवा ‘दॅट’ येणार, एवढी खूण पुरते.

इथं स्वल्पविराम खरंच अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे इज अ ड्रायव्हर.’ स्वल्पविराम नाही, म्हणजे मला भाऊ बरेच, त्यातला पुण्याचा ड्रायव्हर. ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, इज अ ड्रायव्हर.’ दोन स्वल्पविराम, म्हणजे भाऊ एकच, आणि जाता जाता सांगते की तो पुण्यात असतो. पहिल्यातली ट्रॉली काढली तर कुठला भाऊ ते कळत नाही. दुसऱ्यातली काढली तर काही अडत नाही. अस्सल मराठीत पहिल्यासाठी ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ’ आणि दुसऱ्यासाठी सरळ दोन वाक्यं, ‘माझा भाऊ ड्रायव्हर आहे. पुण्यात असतो.’ हल्ली छापील मराठीत ‘माझा भाऊ, जो की पुण्यात राहतो, तो’ असली वाक्यं दिसतात. ती इंग्रजीची ट्रॉली आहे, नंबरप्लेट तेवढी मराठी. मुलांना मी ती मराठीत लिहू देत नाही.

दुमडलेल्या ट्रॉलीची एक फजिती सांगून पुढं जाते. ‘घरी जाताना पाऊस आला.’ मराठीत निर्दोष वाक्य. घरी कोण जात होतं, हे सगळ्यांना कळतं. मुलीनं निबंधात लिहिलं: ‘व्हाइल गोइंग होम, द रेन केम.’ इंग्रजीत दुमडलेल्या क्रियापदाचा कर्ता म्हणजे ट्रॅक्टरचाच कर्ता, म्हणून वाक्याचा अर्थ झाला, पाऊस घरी निघाला होता. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचा पाऊस खरंच तिकडचा रहिवासी असल्यासारखा येतो-जातो, तरी मार्क गेले. ट्रॉली उलगडली की झालं: ‘व्हाइल आय वॉज गोइंग होम, इट स्टार्टेड रेनिंग.’

‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांचा गोंधळ मराठीतून एका ओळीत सुटतो. ‘पाऊस पडला म्हणून’ म्हणजे ‘बिकॉज इट रेन्ड’. ‘पावसामुळे’ म्हणजे ‘बिकॉज ऑफ द रेन’. ‘मुळे’ लागत असेल तर ‘ऑफ’ लावा.

हे सगळं लिहिण्यापुरतंच आहे असं नाही. मागच्या महिन्यात शेजारचे काका एका कार्यालयाचं पत्र घेऊन आले. शेतीवर अर्धं आयुष्य गेलेला माणूस, कन्नड अस्खलित, मराठी घरची, इंग्रजी बघितलं की चष्मा काढून ठेवतात. पत्रातलं एकच वाक्य त्यांना अडलं होतं:

‘अनलेस द फॉर्म विच वॉज सेंट टू यू लास्ट मंथ इज रिटर्न्ड विथ द डॉक्युमेंट्स दॅट आर लिस्टेड बिलो, द ऑफिस विल क्लोज द अकाउंट.’

मी त्यांना म्हटलं, आधी क्रियापदं मोजू. ‘वॉज सेंट’, ‘इज रिटर्न्ड’, ‘आर लिस्टेड’, ‘विल क्लोज’. चार क्रियापदं, म्हणजे चार क्लॉज. आता हूक शोधू: ‘अनलेस’, ‘विच’, ‘दॅट’. तीन हूक, म्हणजे तीन ट्रॉल्या. चार वजा तीन, उरलं एक; ते इंजिन. ज्या क्रियापदाला हूक नाही ते ‘विल क्लोज’. ‘द ऑफिस विल क्लोज द अकाउंट.’ खातं बंद होणार. काकांनी चष्मा परत लावला.

‘अवो, पण कधी?’

मग ट्रॉल्या. ‘अनलेस’ मोठी, ती ट्रॅक्टरला थेट जोडलेली: फॉर्म परत आला नाही तर. तिच्या आत दोन छोट्या. ‘विच’ची फॉर्मला चिकटलेली: गेल्या महिन्यात पाठवलेला. ‘दॅट’ची कागदांना चिकटलेली: खाली लिहिलेले. मी कागदावर मराठीत उतरवून दिलं, ‘गेल्या महिन्यात पाठवलेला फॉर्म खाली लिहिलेल्या कागदांसह परत आला नाही, तर कार्यालय खातं बंद करील.’ इंग्रजीत ज्या तीन जागी हूक होता, त्यातल्या दोन जागी मराठीत ‘लेला’ आणि ‘लेल्या’ आले, एका जागी ‘तर’ आला, आणि ‘अनलेस’च्या पोटातला ‘नाही’ बाहेर पडला.

काकांनी ओळ दोनदा वाचली. मग घराकडं तोंड करून काकूंना हाक मारली, ‘अगं, गेल्या महिन्यात पोस्टानं आलेलं पाकीट कुठं ठेवलीस?’ आतून आवाज आला, ‘कुठलं? जे टीव्हीखाली हाय ते?’